एकाच रक्ताच्या दोघी

आमच्या ताईला थंडी वाजत नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. कडाक्याच्या हिवाळ्यात ती खिडकी सताड उघडी टाकून घोरत पडते, आणि शेजारच्या खोलीत आम्ही नवरा-बायको पांघरुणाची ओढाओढ करत बसतो. नात्याने ती माझी मोठी नणंद. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तिला 'अहो ताई' म्हणायला गेले, तर म्हणाली, "अहोजाहो मी गोदामातल्या मॅनेजरला करते. तू मला अगंतुगं कर." तिचा हुकूम म्हणजे हुकूम. तेव्हापासून आमची भांडणंसुद्धा अगंतुगंतच होतात.

ताई एका शीतगोदामात मुकादम आहे. गावाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे पांढऱ्या पत्र्याचं एक बिनखिडक्यांचं अवाढव्य खोकं उभं आहे, तेच तिचं राज्य. आत एकामागे एक दालनं. पहिल्यात सफरचंदं, दुसऱ्यात लोणी, तिसऱ्यात मासे, आणि सगळ्यात मागे मोठा फ्रीजर, जिथे मटाराची पोती दगडासारखी टणक होतात आणि मिशीवाल्यांच्या मिशा तरुणपणीच पांढऱ्या होतात. दारांना जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे, बाहेर खुंट्यांवर गुडघ्यापर्यंतचे कोट आणि हातमोजे, आणि आत भिंतीवर एक घंटा, कुणी अडकलंच तर वाजवायला.

नवा माणूस कामाला आला की त्याला एकदम फ्रीजरमध्ये ढकलत नाहीत. आधी काही दिवस सफरचंदांत, तेही थोडा थोडा वेळ. मग लोण्यात. मग माशांत. अंग थंडीला सरावलं की मगच शेवटचं दार उघडायचं. याला गोदामात 'मुरवणं' म्हणतात, आणि ताईचा या कामात हातखंडा. तिने मुरवलेला माणूस पळून जात नाही, अशी तिची ख्याती. लोक तिला मागे 'पोलाद' म्हणतात. मागे कसलं, तोंडावरही म्हणतात, आणि ती खूश होते.

तर या पोलादाला रक्ताचा आजार आहे. जन्मापासून.

कळलं ते माझ्या धाकट्या नणंदेमुळे. तिला घरात सगळे छोटी म्हणतात. आता तिशी ओलांडली तरी छोटीच. शाळेत जायच्या वयात तिचे हातपाय असे दुखायला लागायचे की पोर गडाबडा लोळायची. अखेर रक्त तपासलं तेव्हा निदान झालं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नसांतूनही सरकत जातात. या आजारात त्या पेशी अधूनमधून विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि नसांत अडकून बसतात. जिथे अडकल्या तिथे कळा. आईकडून एक आणि बाबांकडून एक अशी दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. मग डॉक्टरांनी सगळ्या भावंडांचं रक्त मागवलं. आमच्या ह्यांना एकच प्रत निघाली, म्हणजे नुसते वाहक, त्रास काही नाही. आणि ताईला दोन! अगदी छोटीसारख्याच.

रक्ताचा निकाल आला त्या दिवशी ताई कुठे होती माहीत आहे? शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत. पहिली आली होती. डॉक्टर म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. परत रक्त घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः नळी हातात धरून प्रयोगशाळेपर्यंत गेले म्हणे, आणि परत येऊन खांदे उडवले. त्या काळच्या साध्या तपासणीत आजार आहे की नाही एवढंच कळायचं. आहे तर एकीला लोळवतो आणि दुसरीला हात का लावत नाही, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

मी शिवणकाम करते. दिवसभर लोकांच्या अंगाला टेप लावायची, त्यामुळे नसत्या चौकशांची सवय लागलेली. सासूबाई म्हणतात, हिला सुईच्या भोकातूनसुद्धा शेजारचं घर दिसतं. लग्नानंतर हे सगळं ऐकल्यावर मी पहिला प्रश्न तोच केला: "पण असं का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी पंखा का फिरतो असं विचारलं. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "ताई खंबीर आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिने आजाराला थारा दिला नाही. छोटी पहिल्यापासून हळवी."

झालं. एका वाक्यात दोन पोरींचा निकाल.

ताईचंही मत तेच, फक्त ती ते प्रेमाने सांगायची. हे मात्र कबूल करायला हवं, छोटीवर तिचा भारी जीव. छोटीला कळा सुरू झाल्या की ताई कामावरून धावत यायची. येऊन काय करायची? तिला उठवायची, बखोटीला धरायची आणि बोळातून चालवायची. "चल. पाय टाक. आडवी झालीस की ते तुझ्या उरावर बसतं." छोटी दात-ओठ खाऊन चालायची. घामाने निथळायची. एकदा मी मध्ये पडले, म्हटलं, "अगं, तिला बसू तरी दे!" तर छोटीच म्हणाली, "राहू दे वहिनी. ताईला जमलं तर मला जमेल." सासूबाई दारात उभ्या राहून मान हलवायच्या. त्यांच्या मनात शंका होतीच, आणि ती त्या फारशी लपवायच्या नाहीत: आजार तोच, रक्त तेच, मग यातलं खरं किती आणि नाटक किती?

छोटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. काम बसून करायचं आहे, हात स्थिर लागतो, आणि तिचा हात इतका स्थिर आहे की मला हेवा वाटतो. पण महिन्यातून चार-दोन दिवस खाडे ठरलेले. मग गेल्या वर्षी मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या आजारांच्या एक नव्या डॉक्टरबाई आल्या. बारीक चण, केस कापलेले, बोलताना पेन टेबलावर आपटायची सवय. त्यांनी छोटीला रोज घ्यायची एक गोळी सुरू केली. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं आणि गोळी चालू ठेवायची. काय सांगू, सहा-सात महिन्यांत पोरीचा चेहरा बदलला! कळा आल्या तरी कमी, खाडे जवळजवळ बंद. माझ्याकडून तिने एक लाल कोट शिवून घेतला, बाहेर फिरायला म्हणून.

आणि मग ताईचा सत्कार झाला.

गोदामाने तिच्या कामाबद्दल तिला एक ढाल दिली. आम्ही सगळे नटूनथटून गेलो. ताईने भाषण केलं, आणि ते भाषण मला पाठ आहे. "आजार मलाही आहे," ती म्हणाली. "पण मी त्याला घरात घेतलं नाही. माणसाने मनावर घेतलं की रक्तसुद्धा ऐकतं." टाळ्यांचा कडकडाट. छोटी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. घरी येताना सासूबाई सहज म्हणून गेल्या, "बघ छोटे, ताईला कुठे गोळी लागते?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कधी कधी माणसाने तोंड उघडण्याआधी जरा थांबावं.

छोटीने गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. आणि एका सकाळी ताईच्या मागे जाऊन उभी राहिली. "मला मुरव."

"काय?"

"तुझ्या माणसांना मुरवतेस तसं. सुट्टी घेतलीये मी. थोडा थोडा वेळ आत ने. अंगाला सवय होईल."

ताईचे डोळे काय चमकले! इतकी वर्षं तिला हेच हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का दोघींचं? डॉक्टरबाईंनी थंडीपासून जपायला सांगितलंय. गार वारा लागला तरी हिला त्रास होतो!" ताई कोटाची बटणं लावत म्हणाली, "तू तुझी मशीन बघ. मी आजवर किती माणसं मुरवली, तुला माहीत नाही." नवऱ्याला सांगितलं, तर ते मूग गिळून गप्प. बहिणींच्या मध्ये पडायची त्यांची हिंमत कधीच नव्हती.

मॅनेजरला ताईने काय सांगून पटवलं देव जाणे. पहिले दिवस सफरचंदांत गेले. आणि खरं सांगते, मीही चकित झाले, कारण काहीच झालं नाही! छोटी गाल लाल करून घरी यायची, कोटाच्या खिशातून एखादं सफरचंद काढून सासूबाईंपुढे ठेवायची आणि हसायची. मलाही क्षणभर वाटलं, कोण जाणे, ताईचं खरं असेल. गोळीचा असर अंगात अजून थोडा शिल्लक असणार, हे मला मागाहून कळलं. तेव्हा तिने गोळी बंद केलीये हेच ठाऊक नव्हतं. मग लोण्याचं दालन झालं. मग मासे. रात्री दोघी शेजारी बसून पाय शेकायच्या आणि गोदामातल्या गमती सांगून खिदळायच्या. छोटीला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती.

फ्रीजरच्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "रुग्णालयात ये. तिला श्वास घेता येत नाहीये."

कळा हातापायांत येतात त्या वेगळ्या. या वेळी पेशी छातीत अडकल्या होत्या. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, हाताला रक्ताची पिशवी, आणि लाल कोट खुर्चीवर तसाच टाकलेला. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ताई व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत? आणि ही थंडीत कुठे गेली होती?" ताई पुढे झाली. "गोळ्यांचं मला माहीत नाही. गोदामाच्या फ्रीजरमध्ये मी नेलं. मी तिथे मुकादम आहे."

मला वाटलं आता डॉक्टरबाई हिची चांगली हजेरी घेणार. घेतली नाही. त्या ताईकडे बघतच राहिल्या. "तुम्ही थोरली बहीण ना? हिच्या कागदांत तुमच्या नावापुढेही तोच आजार लिहिलाय. आणि तुम्ही फ्रीजरमध्ये काम करता? रोज?"

"रोज."

"कधी कळा आल्या?"

"मी येऊ दिल्या नाहीत."

डॉक्टरबाईंनी पेन आपटायला टेबल शोधलं, मिळालं नाही, तेव्हा स्वतःच्या तळहातावर आपटलं. म्हणाल्या, त्या अशाच भावंडांचा अभ्यास करतायत, एकाच घरातली, एकच आजार असलेली, पण एक आजारी आणि एक ठणठणीत. "तुमचं रक्त द्याल का मला?" ताईने तिथल्या तिथे बाही वर केली. "घ्या. बघा काय दम आहे ते."

छोटी वाचली. घरी आली तेव्हा तिच्या गालांची हाडं दिसत होती. डॉक्टरबाईंनी निघताना मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं: "गोळी परत सुरू झाली पाहिजे. असा झटका पुन्हा आला तर ती वाचेलच असं मी म्हणणार नाही." मी ते घरात सगळ्यांना शब्दन् शब्द सांगितलं. आणि छोटीने गोळीची डबी ढकलून दिली.

"आता घेतली तर सगळं फुकट गेलं," ती म्हणाली. "मासे जमले होते मला. फ्रीजरची घाई झाली, एवढंच. जरा बरं वाटलं की परत पहिल्यापासून."

मी ओरडले, समजावलं, हात जोडले. तिच्या भावानेही, म्हणजे आमच्या ह्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. ढिम्म. ताईने परत नेणार नाही म्हणून सांगितलं, पण गोळी घे असंही तिच्या तोंडून निघेना. कसं निघणार? गोळी घे म्हणजे तुझ्यात तेवढी ताकद नाही, असं बहिणीला तोंडावर सांगण्यासारखं. निदान या घरात त्याचा अर्थ तोच होता. ताई कामावरून यायची आणि छोटीच्या पायथ्याशी गुमान बसायची. मला दोघींचा इतका राग यायचा की शिवताना सुया मोडायच्या.

मग डॉक्टरबाईंचा निरोप आला. तपासण्यांचा निकाल लागला होता. छोटीला जिने चढवत नव्हते, म्हणून ताई गेली, आणि तिच्यामागे मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण इतकी वर्षं जो प्रश्न विचारून मी सगळ्यांना भंडावून सोडलं, त्याचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी काय वेडी आहे?

डॉक्टरबाईंची खोली एवढीशी. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत वाळलेलं रोप. त्यांनी ताईला विचारलं, "आईच्या पोटातलं बाळ श्वास कसा घेतं, माहीत आहे?" ताई गोंधळली. डॉक्टरबाई सांगायला लागल्या. बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निराळंच असतं. जन्मल्यावर काही महिन्यांत शरीर ते बनवणं बंद करतं आणि मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन सुरू करतं. आजार आहे तो या मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये. म्हणून तर ही मुलं जन्मल्यावर पहिले काही महिने छान असतात, आणि मग दुखणं सुरू होतं.

"पण ते बंद करायचं बटण सगळ्यांचं सारखं नसतं," त्या म्हणाल्या. "तुमचं नीट बंदच झालेलं नाही. या वयातही तुमच्या रक्तात जवळजवळ चौथा हिस्सा बाळाचं हिमोग्लोबिन आहे. बिघडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना धरून रांग लावतं, त्याने पेशी वाकते. मध्ये मध्ये हे बाळाचं आलं की रांग तुटते. धाकटीत ते अगदी नावाला आहे."

इतकं सोपं! म्हणजे कापड दोघींचं एकच, पण ताईच्या कोटाला आतून अस्तर लागलंय, आणि ते बाहेरून कुणाला दिसलं नाही. मी तसं बोलून दाखवलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल, अस्तर म्हणा." मग मी लगेच विचारलं, "पण एकाच आईबापाच्या पोरी ना? मग एकीला अस्तर आणि दुसरीला नाही, असं का?"

"कारण आजाराचं जनुक एका जागी असतं आणि हे बटण ठरवणारी जनुकं भलत्याच जागी. आजार दोघींच्या वाट्याला आला. बटणाची वाटणी मात्र निराळी झाली. आणखीही एक लहानसा फरक ताईंना मिळालाय, त्याने त्यांच्या पेशींमध्ये हिमोग्लोबिनची दाटी कमी राहते. तेही चांगलंच. आणि खरं सांगू? यात अजून पुष्कळ कळायचंय. माझ्याकडे अशाही भावंडांच्या जोड्या आहेत, ज्यांना यातलं काहीच लागू पडत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला त्यांना चहा पाजावासा वाटला.

मग ताईने विचारलं, "यात मी काय केलं?"

"तुम्ही? काही नाही."

"मी कधी लाड करून घेतले नाहीत. पावसात भिजले, थंडीत राबले."

"त्याने बटण चालू राहत नाही. ते जन्मापासूनच तसं आहे."

"आणि मनाची ताकद?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती मोजायची तपासणी माझ्याकडे नाही. पण तुम्हीच सांगा, बहिणीसारखं तुम्हाला कधी दुखलंय? एकदा तरी?"

ताईने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, मला तिच्या कपाळावर दिसत होतं. "एकदा गुडघा धरला होता," ती म्हणाली. "शेकला, आणि राहिला."

मग डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ताईनेही दर वर्षी डोळे आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायची, कारण आजारातून ती पूर्ण सुटलेली नाही. आणि दुसरी, छोटीची ती गोळी नेमकं काय करते. ती शरीराला बाळाचं हिमोग्लोबिन परत बनवायला लावते. सगळ्यांत सारखं नाही, आणि ताईइतकं बहुतेक नाहीच. पण छोटीत करत होती.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. गोदाम आलं, मागे गेलं, तिने बघितलंही नाही. मग म्हणाली, "घरी आज काही बोलू नकोस."

"का?"

"का म्हणजे काय? ढाल दिलीये मला लोकांनी. भाषण ठोकलंय मी." तिचा आवाज फाटला. "माझ्या पाळीतली पोरं दुखलं-खुपलं की माझ्या तोंडाकडे बघतात. आणि मी त्यांना आता काय सांगू, की माझ्या अंगात तान्ह्या बाळाचं रक्त आहे?"

मला हसूही आलं आणि रडूही. पण मी म्हटलं, "ताई, आज मी गप्प बसते. उद्या सकाळपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि माझ्या पद्धतीने सांगेन. ती गोळी घेत नाहीये. तुझ्यापायी घेत नाहीये." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता ही मला बसमधून खाली ढकलणार.

घरात शिरलो तेव्हा संध्याकाळ होत होती. छोटी खिडकीजवळच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली, समोर सासूबाई बटाटे सोलत होत्या. सासूबाईंनी वर बघितलं. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? दम सापडला का रक्तात?"

ताईने बूटसुद्धा काढले नाहीत. सरळ छोटीसमोर जाऊन जमिनीवर बसली. तिला बोलायची तयारी करायला मुळीच वेळ मिळाला नव्हता, आणि ती बोललीही तशीच, तुकड्या-तुकड्याने. बटण, बाळ, रांग, सगळं उलटसुलट. मध्येच अडली की माझ्याकडे बघायची आणि मी शब्द पुरवायचे. शेवटी म्हणाली, "थोडक्यात सांगायचं तर माझी करामत काही नाही, छोटे. मला जन्मतःच काहीतरी मिळालं, ते तुला मिळालं नाही. ती गोळी तेच देते. मला आयतं मिळालं, तुला गिळून घ्यावं लागतं, एवढाच फरक."

"काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून बघत्येय मी. तू खंबीर आहेस म्हणून..."

"आई, मला कधी दुखलंच नाही!" ताई ओरडली. "दुखलंच नाही, तर खंबीर कशाला असेन मी?"

सासूबाईंच्या हातातला बटाटा हातातच राहिला. छोटी एकटक ताईकडे बघत होती.

"म्हणजे मी नाटकं करत नव्हते," छोटी म्हणाली.

"नव्हतीस."

"परत सांग."

"तू नाटकं करत नव्हतीस."

"आईकडे बघून सांग."

ताईने मान वळवली आणि आईकडे बघून सांगितलं. सासूबाईंनी मान खाली घातली. मग छोटीचा बांध फुटला. रडली कसली, भडकली! "बोळातून चालवलंस मला," ती म्हणाली. "पायांत निखारे आणि तू म्हणायचीस पाय टाक. मला वाटायचं मीच नालायक आहे. मला तुझा इतका राग आलाय ना ताई, की तुझं तोंड बघू नये असं वाटतंय."

"येऊ दे राग," ताई म्हणाली. ती जागची हलली नाही. मग ताईने विचारलं, "निखारे म्हणालीस. तसं असतं का ते? कसं दुखतं, छोटे? मला खरंच माहीत नाही. सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

छोटीने डोळे पुसले आणि सांगायला लागली. हाडाच्या आत कुणी हळूहळू पिळा घालतंय असं वाटतं ते सांगितलं. चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही ते सांगितलं. दुखायला लागायच्या आदल्या दिवशी जीभ कडू होते, आणि मग ती दुकानातलं काम भराभर उरकायला लागते, हेही सांगितलं. आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ताई मध्ये एक शब्द बोलली नाही. फक्त एखाद्या ठिकाणी विचारायची, "आणि मग?" चांगला अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. बोलून बोलून छोटीच्या घशाला कोरड पडली, तेव्हा तिने पाणी मागितलं. आणि पाण्याबरोबर गोळी मागितली. मी उठणार होते, पण सासूबाईंनी मला हाताने खाली बसवलं, आणि दोन्ही त्यांनीच आणून दिलं.